दोन वर्षांच्या मापाने इतिहास मोजणार काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. कोणत्या नियतकालिकातील लेख ग्राह्य मानावयाचा, हे ठरविण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर आली आहे. परंतु लेख वाचून मत बनविण्यापेक्षा आकडा पाहणे केव्हाही सोपे. त्यामुळे सूचीच्या रिकाम्या आसनावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजेच प्रभावांक, येऊन बसण्याचा धोका आहे. मध्ययुगीन इतिहासाच्या नियतकालिकांवर तर त्यामुळे अन्यायच होईल.

हा प्रभावांक म्हणजे काय? नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे चालू वर्षी इतरत्र किती उल्लेख झाले ते मोजावयाचे आणि त्या संख्येस त्या दोन वर्षांतील लेखसंख्येने भागावयाचे. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांच्या संदर्भसूचीच्या कार्यातून हे माप निघाले. शास्त्रीय नियतकालिकांची निवड करण्यास ते उपयोगी पडले. मात्र त्यावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये, असे खुद्द गारफील्ड यांनीच बजावले होते.

रसायनशास्त्रातील शोधाची दखल दोन वर्षांत घेतली जात असेल. इतिहासाची चाल निराळी आहे. जेधे शकावलीचे उदाहरण घ्या. कारी येथील जेधे घराण्याकडील ही शकावली लोकमान्य टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्माचे वर्ष शके १५४९ मानले जात असे. शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आणली. पुढे ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला, वाद झडले, समित्या नेमल्या गेल्या. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. प्रभावांकाच्या हिशेबात मात्र १९१६ च्या लेखाची गणती १९१८ पाशीच संपली असती! पाच वर्षांचा आकडाही काढतात. पण त्यानेही या प्रकरणात काय साधले असते?

शिवाय इतिहासकाराचे उल्लेख बहुधा ग्रंथांत होतात, आणि आपल्याकडे ते मराठीतही होतात. जागतिक सूचींचा भर इंग्रजी नियतकालिकांवर. मराठी प्रबंधाच्या तळटीपेत शंभर वेळा आलेला लेख त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. मानव्यविद्यांच्या नियतकालिकांना तर प्रभावांक देण्यास प्रारंभ झाला तो २०२३ मध्ये!

आकडा नसेल तर वशिला बोकाळेल, हा आक्षेप खोटा नाही. पैसे घेऊन लेख छापणारी दुकाने आपण पाहिली आहेत. परंतु त्यावर उपाय आहे. लेख छापण्यापूर्वी तज्ज्ञ तो तपासतात काय? मूळ कागद पाठासह प्रसिद्ध होतात काय? वीस-तीस वर्षांपूर्वीचे अंक आजही अभ्यासकांना उघडावे लागतात काय? या प्रश्नांची लेखी, कारणांसह उत्तरे निवड समित्यांनी द्यावीत. यास वेळ लागेल, हे खरे. परंतु मोडी दफ्तरावर दहा वर्षे घालविणाऱ्या अध्यापकाचा लेख अर्धा तास वाचण्यासही ज्यांना सवड नाही, त्यांनी त्याची बढती अडवू नये.