गोदामाई आणि गायब कर्ता

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या भिंती बोलायला लागतात. उड्डाणपुलाचे खांब, शाळांची कुंपणं, घंटागाडीची पाठ, जिथे रंग बसेल तिथे स्वच्छतेची घोषणा. २०१५ ला ‘हरित कुंभ’ होता. २०२७ ला काय काय वाचावं लागेल ते दिसेलच. अलंकार ओळखा, हा शाळेत हमखास येणारा प्रश्न. कचऱ्याबद्दलच्या मजकुरालाही तो विचारून पाहावा, एवढंच या अंकाचं निमित्त.

सगळ्यांचा लाडका अलंकार म्हणजे चेतनागुणोक्ती. गोदामाई रडते, गोदामाई गुदमरते, गोदामाई हाक मारते. वाचून गलबलून येतं आणि तिथेच फसगत होते. रडणारी नदी दिसते, रडवणारा वाक्यात कुठेच नसतो. शिवाय माई म्हटलं की तिने सगळं पोटात घालायचं, हे ओघानं आलंच. रामकुंडात निर्माल्याची कॅरीबॅग गाठीसकट सोडणारा हात लगेच तिलाच नमस्कार करतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही, कारण आपल्या भाषेनेच ती सोय करून ठेवली आहे. नासर्डी आणि वाघाडी शहराची घाण घेऊन गोदावरीला मिळतात. तो हिशेब लिटरमध्ये मांडायचा असतो, हुंदक्यांत नाही. महापालिकेच्या प्रकल्पाचं नाव ‘नमामि गोदा’. नाव सुरेखच, पण प्रार्थनेचं लेखापरीक्षण कसं करणार?

दुसरी युक्ती ‘आपण सारेच जबाबदार’ ही. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीची वाट पाहणारी गृहिणी आणि रात्री मागच्या दाराने नाल्यात खरकटं ओतणारा हॉटेलवाला, दोघांना एका पंक्तीला बसवणारी. ऐकायला उदार वाटते. फायदा दुसऱ्याचा होतो.

म्हणून सगळे अलंकार वाईट, असं नव्हे. गणेशविसर्जनाला गोदाकाठी ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत तरुण मुलं मूर्ती स्वीकारायला उभी असतात. चार शब्दांत देणं आहे, घेणं आहे, आणि दोन्ही क्रियापदं थेट समोरच्याला उद्देशून. कुणाला पापी ठरवलेलं नाही. मुख्य म्हणजे मागणारा समोर हात पुढे करून उभा आहे. भिंतीवरच्या घोषणेला हात नसतात.

या कलेतले खरे उस्ताद गाडगेबाबा. त्यांनी बांधलेली धर्मशाळा याच नाशकात आहे. आयुष्यभर त्यांचा क्रम एकच: दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न. वक्ते प्रश्न टाकून स्वतःच पुढे सरकतात; बाबा थांबत. गावाच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय कीर्तन हलत नसे. नोव्हेंबर १९५६ मध्ये, निधनाच्या सहा आठवडे आधी, वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकावं. ‘नाही’ म्हणणाऱ्या गर्दीला आपण स्वतःविरुद्ध साक्ष देतोय हे कळायला क्षणभर लागतो, मग हशा उसळतो. त्यात नदीबाई रडत नाही. घाण करणारा माणूसच श्रोत्यांत बसलेला असतो, आणि सकाळी त्याच्याच दारापुढचा उकिरडा बाबांनी साफ केलेला असतो.

याउलट बिनअलंकाराचं एक वाक्यही आठवतं. मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड होता. कोण, कशासाठी, किती, सगळं स्पष्ट. काही महिने भाजीबाजारात कापडी पिशव्या दिसल्या. मग पावती फाडणारे दिसेनासे झाले आणि पातळ पिशव्या गाड्यांखालून पुन्हा वर आल्या. तिथे दोष भाषेकडे नव्हता, हेही नोंदवायला हवं.

यंदा लेखकांना आम्ही एकच अट घातली: कचऱ्यावर लिहा, पण कर्त्याशिवाय वाक्य नको. एका ज्येष्ठ लेखकांनी फोन करून विचारलं, “मग नदीला आई म्हणायचंच नाही का?” जरूर म्हणा, म्हटलं, फक्त पुढच्या वाक्यात तिच्यात कोणी काय टाकलं तेही येऊ द्या. त्यांचा लेख निम्म्या लांबीचा होऊन आला. पान ४१ वर आहे.

आणि हो, मुखपृष्ठाला यंदा लॅमिनेशन नाही. प्लॅस्टिकचा तो थर चढला की कागदाचा पुन्हा लगदा करणं अवघड होतं. तुळशीच्या लग्नापर्यंत कोपरे दुमडतील. निर्णय संपादकाचा आहे, तक्रारी त्याच्याच नावे पाठवाव्यात.