कपाटातले शास्त्र आणि मैदानातले पुनरुज्जीवन

'पुनरुज्जीवन' हा शब्द आपल्या धर्मग्रामांत फार स्वस्त झाला आहे. मैदानात मंडप उभारला, ध्वनिवर्धक लावले, बाहेरगावचा नामांकित प्रवचनकार आणला आणि तीन दिवस टाळ्यांचा व आलेलुयाचा गजर झाला, की पुनरुज्जीवन घडून आल्याचे वृत्त छापले जाते. चौथ्या दिवशी मंडपवाला बांबू उचलून नेतो आणि घरोघरचे बायबल होते तेथेच, काचेच्या कपाटात लग्नाच्या फोटोशेजारी, उभे असते. प्रार्थनामेळाव्यांना आमचा विरोध नाही. त्यांत काहींची व्यसने सुटली, काही मोडलेली घरे सांधली गेली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. आमचा विरोध आहे तो शास्त्राला बाजूला ठेवूनही पुनरुज्जीवन होते या समजुतीला.

ज्या करिश्माई चळवळीचा दाखला यासाठी दिला जातो, तिचा आरंभ तरी पाहावा. १९६७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ड्युकेन विद्यापीठाचे काही कॅथलिक विद्यार्थी व अध्यापक तपःसाधनेसाठी जमले. येण्यापूर्वी प्रत्येकाने 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे पहिले चार अध्याय वाचून यावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. आपण गजर तेवढा आयात केला आणि चार अध्याय तिकडेच ठेवले.

'बायबल वाचणे हे प्रॉटेस्टंटांचे. आपल्याला मिस्सा आणि जपमाळ पुरे,' असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांला आदर आहे, मताविषयी नाही. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणावरील आपला दस्तऐवज जाहीर केला. पवित्र शास्त्राचे दार सर्व भाविकांना सताड उघडे असले पाहिजे, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शास्त्र न जाणणारा ख्रिस्तालाही जाणत नाही, हा संत जेरोम यांचा इशाराही तेथे पुन्हा दिला आहे. आणि परिषद हवी कशाला? आपल्याच पूर्वजांची साक्ष पाहावी. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण मागितले, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. पुढे छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी हस्तलिखिते जपली गेली आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरूला ते पुन्हा छापता आले. शास्त्राची भूक कॅथलिक नाही असे कोण म्हणेल?

परंतु आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावणारा दाखला आपल्या समाजाचा नाही. तो या किनाऱ्यावरचाच आहे, आणि म्हसळ्याहून हे लिहिताना तो टाळून पुढे जाता येत नाही. अलिबागजवळच्या नवगावापासून खाली जंजिरा संस्थानापर्यंत बेने इस्राएल समाज कित्येक शतके राहिला. हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. बोली मराठी, राहणी मराठी. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता आणि हिब्रू भाषाही विसरली गेली होती. शब्बाथ, सुंता, काही सण, आहाराचे काही नियम आणि 'शेमा', म्हणजे अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील एकेश्वराची घोषणा, एवढेच शिल्लक होते. कोणताही धार्मिक प्रसंग असो, तेच एक वचन म्हटले जाई.

१८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक त्यांच्यात येऊ लागले. दुसरीकडून अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि नंतर डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्या मुलांना शाळांत घेतले. विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. जुना करार लोकांना मायबोलीत वाचता येऊ लागला. हे लोक आता ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. तसे फारच थोडे झाले. बाकीचे अधिक चांगले यहुदी झाले! पुढे त्याच समाजाने बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचली व गाइली. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. धर्मगुरूंच्या दृष्टीने हा इतिहास काहीसा अडचणीचा आहे, हे आम्ही जाणतो. वाचन कोणाच्या योजनेप्रमाणे चालत नाही. मात्र पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच. एका वचनावर ज्यांनी शतके काढली, त्यांच्या हाती ग्रंथ पडताच समाज उभा राहिला. आपल्या कपाटात ७३ पुस्तके आहेत.

केडगावच्या मुक्तिसदनातील १९०५ च्या पुनरुज्जीवनाचे वर्णन करताना लोक अश्रू आणि पापांगीकार तेवढे सांगतात. त्याच सुमारास पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबल उतरवू लागल्या होत्या आणि पुढे आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले, हे सांगायचे राहून जाते.

'रविवारी मिस्सेत ऐकतो ते पुरे नाही का?' पुरे नाही. १९६९ च्या आगमनकाळापासून आपल्याकडे त्रैवार्षिक वाचनमाला आहे. तिच्यामुळे मत्तय, मार्क, लूक क्रमाने कानांवर पडतात, ही मोठीच देणगी होय. पण रूथ किंवा एस्तेर यांच्या पुस्तकांतले एकही वाचन रविवारी होत नाही. त्यातून पहिले वाचन संपेपर्यंत अर्धी मंडळी दारातच असतात, आणि काही प्रवचने तर वाचनांना स्पर्शही न करता वर्गणीपाशी येऊन थांबतात.

डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचे आणि बोट पडेल ते आपल्यासाठी देवाचे उत्तर मानायचे, हाही प्रकार वाढला आहे. याला वाचन म्हणत नाहीत, कौल लावणे म्हणतात.

म्हसळ्यात मुसलमान शेजाऱ्यांची लहान मुले टोपी घालून कुराण शिकायला जातात. श्रावणात हिंदू घरांतून पोथी ऐकू येते. आपल्या घरातून रात्री आठ वाजता काय ऐकू येते, ते ज्याचे त्याने ऐकावे. या तालुक्यात आपली घरे मोजकी व विखुरलेली आहेत. शहरातल्याप्रमाणे रोजची मिस्सा अशा घरांच्या वाट्याला येत नाही. दोन रविवारांमधल्या सहा दिवसांत घर ख्रिस्ती राहायचे ते कशाच्या बळावर?

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी नीट वाचता येत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि आणखी एक पिढी गेली तर ती तक्रार करणारेही उरणार नाहीत. पण सोपी मराठी नाही असे आता म्हणता येणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. नातवाने अडखळत वाचावे, आजीने उच्चार सुधारावेत. मार्कचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. मोठ्याने वाचले तर सारे मिळून दीड तासाचे काम. प्रायश्चित्तकाळात आठवड्याला तीन अध्याय घेतले तरी पास्खापूर्वी ते पुरे होते. यंदा मंडप घातला नाही, तर त्या खर्चात घरटी एक मोठ्या टाइपाचा नवा करार सहज येईल. धर्मग्राम मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत.