सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक नळ, सार्वजनिक शौचालय. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ ‘कोणाचेच नाही’ असा घेतला जातो. स्वतःचा उंबरठा रोज पुसणारा माणूस त्याच उंबरठ्याबाहेर केराची पिशवी निःसंकोच भिरकावतो. एस.टी.च्या खिडकीतून पिंक टाकणारा प्रवासी आपल्या अंगणात कधी थुंकत नाही. शहरे गलिच्छ का, याची कारणे नगरपालिकांच्या कारभारात जशी सापडतात, तशीच ती एका शब्दाच्या या चुकीच्या अर्थातही सापडतात.

या शब्दाचा खरा अर्थ कोणास ठाऊक असावा? ज्यांना सार्वजनिक वस्तूंपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांना. लोटे येथून मुंबईच्या दिशेने निघाले की कशेडी घाटापलीकडे महाड लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळे पूर्वीप्रमाणेच बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मागोमाग माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, ओंजळभर पाणी प्याली, तेव्हा त्या कागदात प्राण आला. पुढे न्यायालयीन लढा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. एक तळे खऱ्या अर्थाने ‘सर्वांचे’ व्हावे यासाठी पहिल्या ठरावापासून चौदा वर्षे लागली.

हा इतिहास आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. मग एवढ्या मोलाने मिळवलेल्या पाण्यात प्लॅस्टिकची बाटली टाकणारा हात आपला कसा असू शकतो? हक्क मिळवणे आणि हक्काची वस्तू जपणे ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत. १९७६ साली संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क ने नद्या, तलाव व सार्वजनिक मालमत्ता यांचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. आपल्या समाजाने मात्र त्याच्या अर्धशतक आधीच तळ्याच्या काठावर तो धडा गिरवला होता.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कर्तव्याचा उपदेश नेहमी सामान्य माणसालाच का? लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीने या परिसराला रोजगार दिला, हे खरे. पण रासायनिक सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीतील मासळी मरते, ही तेथील मच्छीमारांची तक्रार अनेक वर्षांची आहे. ज्याचे जाळे रिकामे येते त्याला गोळीचा कागद कचरापेटीत टाकण्याचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगावे?

हा आक्षेप नागरिकत्वाची व्याप्ती वाढवतो. त्यातून सुटका देत नाही. केर न टाकणे ही झाली पहिली पायरी. ग्रामसभेला उपस्थित राहणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून तिचा पाठपुरावा करणे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये कागद मागणे ही पुढची. वसाहतीत काम करणारा आपला एखादा माजी विद्यार्थी सांडपाण्याच्या नोंदवहीत खराच आकडा लिहीत असेल, तर तोही उत्तम नागरिक होय. आणि ते धैर्य सोपे नाही. उलट, जो गाव स्वतःच्या ओढ्यात कचरा लोटतो, त्याचा आवाज कारखान्याच्या फाटकासमोर क्षीण पडतो.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. आपण टाकलेला केर आपोआप नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातांनी उचलला जातो. त्या हातांना जात होती आणि बहुतांशी आजही आहे. उष्ट्या अन्नात मिसळलेली फुटकी काच, इंजेक्शनची सुई, उघडे सॅनिटरी पॅड हे सारे सफाई कामगाराच्या बोटांना भिडते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे दायित्व नागरिकांवर टाकले. त्याकडे पालिकेचा जाच म्हणून पाहिले जाते. वास्तविक हा समतेचा सर्वांत साधा आचार आहे. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी स्वातंत्र्य व समतेसोबत बंधुतेचा आग्रह धरला. ती बंधुता सभागृहातील भाषणापेक्षा काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवण्यात अधिक दिसते. मुंबई, पुणे, पनवेलच्या इमारतींत राहावयास गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हे विसरू नये. कारण त्या इमारतीखाली सकाळी गाडी घेऊन येणारा माणूस अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो.

विनयपिटकातील सेखिय नियमांत निरोगी भिक्खूने हिरव्या वनस्पतींवर वा पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असे सांगितले आहे. मोठ्या तत्त्वज्ञानाच्या शेजारी इतका लहान नियम का ठेवला असावा? शील लहान कृतींतच टिकते, हे जाणणाऱ्यांनी तो ठेवला.

निवासी शाळेत याचेच शिक्षण मिळते. आपले ताट आपण धुणे, पाळी आली की खोली झाडणे, पाण्यासाठी रांगेत उभे राहणे, नळ बंद करणे. त्या वयात ही शिस्त वाटते. पुढे कळते की ते नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिक होते. फरक एवढाच की शहरात घंटा वाजत नाही आणि अधीक्षक फेरी मारत नाहीत. पालकांनी शाळेला ‘मुलाला किती गुण मिळाले’ हे जरूर विचारावे. सुटीत घरी आलेला मुलगा स्वतःचे ताट उचलतो का, हेही पाहावे. तो उचलत असेल आणि आपण त्याला ‘राहू दे’ म्हणत असू, तर शाळेने वर्षभर केलेले काम आपण एका शब्दात पुसून टाकतो.

महाडला ओंजळभर पाण्याने ‘सर्वांचे’ या शब्दात ‘आमचेही’ हा अर्थ भरला. त्या अर्थाची राखण करण्यासाठी आज कोणी लाठ्या खाव्यात अशी अपेक्षा नाही. उंबरठ्याबाहेरचा रस्ता आपला मानावा, एवढीच आहे.