गोष्ट पाठ करायची नसते, सांगायची असते



बालदिन जवळ आला की शाळाशाळांतून कथाकथन स्पर्धा होतात. मूल स्टेजवर येते, पाठ केलेली गोष्ट एका दमात म्हणते, तात्पर्य सांगते आणि खाली उतरते. मध्येच शब्द आठवला नाही तर रडवेले होते. बक्षीस एकाला मिळते, बाकीची मुले हिरमुसतात. माझे स्पष्ट मत आहे की पुस्तकांची आवड असलेल्या मुलांना एकत्र आणायचे असेल तर स्पर्धा नको, गोष्टींची बैठक हवी.

आपल्या गोडादरा-लिंबायत भागातील कितीतरी कुटुंबे खानदेशातून आलेली. घरात अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी, गल्लीत हिंदी-गुजराती. लूमवर बारा तासांची पाळी करून आलेल्या वडिलांना पुस्तक वाचून दाखवायला सवड कुठली? पण आजीजवळ गोष्टी असतात. त्या अहिराणीत आहेत एवढ्याच कारणाने आपण त्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवतो. आजी गेली की त्या गोष्टीही जातील.

‘मुलांची भाषा बिघडेल’ अशी काहींना भीती वाटते. त्यांनी बहिणाबाई चौधरींना आठवावे. जळगावजवळच्या आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या बोलीतल्या कविता मुलगा सोपानदेव यांच्यामुळे टिकल्या आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. आज त्या मराठीचे वैभव आहेत. बोलीने मराठी बिघडली नाही, श्रीमंत झाली.

आपल्याला गावाकडे नेणाऱ्या ताप्ती रेल्वेमार्गावरच अमळनेर आहे. तेथे १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातली प्रकरणे म्हणजे एकेका रात्री सांगितलेल्या आठवणी. हे पुस्तक मुळात सांगण्याच्याच थाटाचे आहे, म्हणून ते मोठ्याने वाचले की अधिक भिडते.

आपल्या गुजरातच्या गिजुभाई बधेकांनीही हेच सांगितले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला छडीने नव्हे, गोष्टीने जिंकतो. ऐकण्याची गोडी लागली की पुढे मुले आपणहून पुस्तकांकडे वळतात.

सांगण्याची कला अवघड नाही. गोष्ट शब्दशः पाठ नको, पण तिचा क्रम मनात पक्का हवा. नजर मुलांवर ठेवावी. उत्कंठेच्या जागी क्षणभर थांबावे. पात्रांचे आवाज काढावेत, पण नाटकीपणा नको. आणि शेवटी तात्पर्य सांगू नये. मुलांना ते कळते. न कळले तर ती विचारतील, आणि तो प्रश्न तात्पर्याहून मोलाचा.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी एक तास बैठक भरवावी. एक आजी किंवा आजोबा अहिराणीत गोष्ट सांगतील. मुलांनी ती आपल्या शब्दांत मराठीत लिहावी. नंतर ग्रंथालयातले एखादे पुस्तक काढून त्यातली गोष्ट अर्धीच वाचावी आणि पुस्तक टेबलावर ठेवावे. उरलेली गोष्ट वाचायला कोण येते ते पाहावे. वर्षभरात मुलांनी लिहिलेल्या गोष्टींची वही तयार होईल. तिला बक्षिसाची गरज नाही.

यासाठी पैसा लागत नाही, सतरंजी पुरेशी आहे. पालकांनी एवढेच करावे, घरच्या आजी-आजोबांना शाळेत पाठवावे. ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय येते?’ असे त्या म्हणतील. त्यांना सांगा, शाळेला तुमच्याकडूनच शिकायचे आहे.