विश्लेषण : लेखकाचा चुकारा कुठे अडतो?

घरबसल्या लिहिणाऱ्यांना काम मिळते, पण पैसे वेळेवर मिळत नाहीत. कायदा त्यांच्या बाजूने आहे. मात्र तो कामी येण्यासाठी कागद आधी हवा.

कापसाच्या जिल्ह्यात ‘चुकारा’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात यवतमाळच्या शेतकऱ्यांनी चुकाऱ्याची वाट पाहण्यात कैक हंगाम काढले. आता याच जिल्ह्यात मोबाइल आणि लॅपटॉपवर लेखन, भाषांतर, शब्दांकन करून पोट भरणारे वेगळ्या चुकाऱ्याची वाट पाहतात. मजकूर पोहोचला, वापरलाही गेला. पैसे मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. बाजार समितीत कापूस विकणाऱ्याच्या हाती निदान काटापट्टी असते. लेखकाच्या हाती बहुतेक वेळा तीही नसते.

काम कोणते आणि ग्राहक कोण?

यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेडसारख्या गावात बसून लिहिणाऱ्याचे ग्राहक दोन प्रकारचे. पहिला गावातला. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, पुढाऱ्याचा गौरवग्रंथ, निवडणुकीचे पत्रक, निवृत्त शिक्षकाच्या आठवणींचे शब्दांकन ही त्याची कामे. दुसरा ग्राहक पुण्या-मुंबईचा किंवा त्याहून लांबचा. जाहिरात संस्था, शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्या कंपन्या, यूट्यूब वाहिन्या, भाषांतर संस्था. येथे दर बहुधा शब्दावर ठरतो आणि समोरचा माणूस कधी प्रत्यक्ष भेटतच नाही.

गावातल्या ग्राहकाकडे ओळख असते, पण करार नसतो. बाहेरच्या ग्राहकाकडे कधीकधी करार असतो, पण ओळख नसते. लेखकाची अडचण या दोन टोकांमध्ये होते.

दिवसाचा हिशोब का जुळत नाही?

समजा, हजार शब्दांचा लेख दीड रुपया शब्द या दराने ठरला. मिळणार १,५०० रुपये. लिहायला चार तास लागले तर तासाला ३७५ रुपये पडतात, वाईट नाही. पण काम समजून घेण्यासाठी दोन फोन, संदर्भ शोधणे, तीन वेळा दुरुस्त्या, बिल पाठवणे आणि पैशांची आठवण करून देणे हे सारे धरून दहा तास गेले, तर तोच दर १५० रुपयांवर येतो. त्यात वीज गेली, नेट बंद पडले, की रात्र जागवावी लागते. ग्राहकाला यातले फक्त हजार शब्द दिसतात. उरलेले तास लेखकाने आधी सांगितलेले नसतात, म्हणून ते कुणी मोजतही नाही.

संबंध नेमके कुठे बिघडतात?

पहिली जागा मोफत नमुन्याची. ‘आधी एक लेख लिहून दाखवा’ ही मागणी चुकीची नाही. पण तोच लेख पुढे छापला गेला तर तो नमुना राहत नाही. दुसरी जागा ‘एक छोटासा बदल’ची. किती बदल दरात धरले आहेत हे ठरलेले नसेल, तर प्रत्येक बदल लेखकाला जाच वाटतो आणि ग्राहकाला हक्क. तिसरी जागा पैशांची.

ग्राहक नेहमी लबाडच असतो असे नाही. अनेकदा आपल्याला काय हवे हे त्यालाच पहिला मसुदा वाचल्यावर कळते. जाहिरात संस्थेचे पैसे तिच्या ग्राहकाकडे अडकलेले असतात. दुसरीकडे मुदत चुकवणारे, इकडचे उचलून तिकडे चिकटवणारे आणि झेपत नसताना चार कामे अंगावर घेणारे लेखकही आहेत. त्यांच्यामुळे वेळेवर काम देणाऱ्यालाही आगाऊ रक्कम मागणे जड जाते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात भर घातली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर ‘मजकूर तयार आहे, फक्त तपासून द्या’ अशी कामे निम्म्या दरात मागितली जाऊ लागली. प्रत्यक्षात चुकीची नावे, तारखा आणि कृत्रिम मराठी दुरुस्त करणे म्हणजे अनेकदा पुन्हा लिहिणेच असते.

थकलेल्या बिलाबाबत कायदा काय सांगतो?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी नाही. लेखन, भाषांतर यांसारखी सेवा देणारी एकटी व्यक्तीही ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे.

या कायद्यानुसार लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते त्याने स्वीकारले असे मानले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

यवतमाळच्या लेखकासाठी सर्वात मोलाची तरतूद वेगळीच आहे. ग्राहक देशात कुठेही असला, तरी तक्रार लेखकाच्या भागातील सुविधा परिषदेकडे करता येते. १५ हजारांच्या बिलासाठी मुंबईच्या कोर्टात खेटे घालण्याची गरज नाही. परिषदेचा निवाडा मान्य नसेल तर त्याला आव्हान देताना ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. अट एकच : काम घेण्याआधी नोंदणी हवी. नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘पैसे दिले, मजकूर आमचा’ हे खरे का?

पूर्णपणे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाकडे जातो. स्वतंत्र लेखकाचा मजकूर मात्र प्रथम त्याचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सही असलेला लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिला असे मानतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ठरलेल्या कामासाठी मजकूर वापरण्याची परवानगी ग्राहकाला गृहीत मिळू शकते; पण त्याचे पुस्तक काढून विकणे ही वेगळी गोष्ट.

याला एक लक्षात ठेवण्याजोगा अपवाद आहे. जाहीर भाषणाचा पहिला हक्क ते करणाऱ्याचा असतो. त्यामुळे सभेसाठी भाषण लिहून देणाऱ्याने मोबदला आधीच घेतलेला बरा.

मग लेखक दाद का मागत नाहीत?

कारण गाव लहान आहे. ज्याच्याकडे बिल थकले तो नातलगाचा मित्र असतो, शाळेचा संचालक असतो, उद्या दुसरे काम देणारा असतो. ‘आपल्याच माणसाला नोटीस?’ हा प्रश्न बिलापेक्षा मोठा होतो. कायदा व्याज मिळवून देऊ शकतो, ग्राहक टिकवून देऊ शकत नाही. म्हणून खरी लढाई वसुलीची नाही, कामापूर्वीच्या कागदाची आहे.

न्यूयॉर्क शहराने हे ओळखले. तेथे मे २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या स्वतंत्र कामासाठी लेखी करार बंधनकारक आहे आणि त्यात तारीख नसेल तर काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग’ कामगारांची व्याख्या आली; पण तिचा भर कल्याण योजनांवर आहे, थकीत बिलांवर नाही.

आज करता येईल असे काय?

वकील लावायची गरज नाही. काम सुरू करण्यापूर्वी व्हॉट्सअॅप किंवा ई-मेलवर पाच ओळी पुरतात : काम काय आणि किती शब्दांचे, दर किती, दुरुस्त्या किती, आगाऊ रक्कम किती, उरलेले पैसे कोणत्या तारखेला. समोरून ‘मान्य’ आले की काटापट्टी झाली. इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्याला मान्य आहे, म्हणून ते संदेश पुसू नयेत. बिलावर क्रमांक, तारीख आणि उद्यम नोंदणी क्रमांक घालावा. कंपनीने बिलातून कर कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हे आयकर पोर्टलवर पाहावे.

अशा पाच ओळींनी ओळख तुटत नाही, उलट टिकते. जे आधी बोलले जात नाही, त्यावरूनच पुढे मने दुखावतात.

जबाबदारी फक्त लेखकाची नाही. यवतमाळने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. लेखकाला मंचावर शाल-श्रीफळ देण्याची रीत जिल्ह्याला ठाऊक आहे. येथील शाळा, पतसंस्था, सरकारी कार्यालये आणि साहित्य संस्थांनी स्मरणिका किंवा अहवाल लिहून घेताना छपाईवाल्याला देतात तसा कार्यादेश लेखकालाही द्यावा. छापखान्याचे बिल आगाऊ रकमेशिवाय पुढे सरकत नाही. ज्याच्या शब्दांसाठी तो कागद छापला जातो, त्याचे बिल सर्वात शेवटी का निघावे?