हळू आवाजांतले हॅमिल

पाश्चात्य 'रॉक' गाण्याविषयीं आमच्या घरांतून दोन पक्ष असतात. वडील मंडळी त्याला गोंगाट म्हणून दार लावून घेतात. तरुण मंडळीहि त्याच गोंगाटासाठीं दार लावून घेतात, फक्त आंतल्या बाजूनें. या महिन्यांत ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं आम्ही लिहीत आहों, ती मात्र या दोनहि पक्षांनीं एका दिवाणखान्यांत बसून ऐकावी, अशी आमची सूचना आहे. तिचें नांव 'फायरशिप्स'. ती १९९२ सालीं इंग्लंडांत निघाली, आणि तिचे कवि, संगीतकार व गायक तिन्ही एकच : पीटर हॅमिल.

हॅमिल यांचा जन्म १९४८ सालचा. १९६७ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत शिकत असतां त्यांनीं मित्रांसह 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' नांवाचा वाद्यवृंद काढला. विजेचा प्रचंड दाब निर्माण करणाऱ्या एका यंत्रावरून हें नांव घेतलें. त्याचें स्पेलिंग चुकलें तें कायमचेंच चुकलें! 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून जो संप्रदाय त्या काळीं इंग्लंडांत उदयास आला, त्यांतील ही मंडळी. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडावी, ताल मध्येंच पालटावे, नाटकाच्या अंकांप्रमाणें गाण्याचे भाग पाडावे, हा त्या संप्रदायाचा बाणा. १९७१ सालच्या 'पॉन हार्ट्स' या संग्रहांत दीपगृहाच्या एकाकी रखवालदारावरील त्यांची एक रचना तब्बल तेवीस मिनिटें चालते. इंग्लंडनें तिच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. इटलींत मात्र तो संग्रह विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसला. हॅमिल यांचा त्या वेळचा आवाज म्हणजे कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत एका श्वासांत धांवणारा. तो ऐकून बिचकणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं.

असा गायक त्रेचाळिसाव्या वर्षीं हळू गाऊं लागला, तर लोक म्हणतात, "थकला." या संग्रहाविषयीं आमचें जें म्हणणें आहे तें नेमकें या शब्दाविरुद्ध आहे. हॅमिल थकले असते तर गप्प बसते. त्यांनीं याच सुमारास 'फाय!' या नांवाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली ('फाय' हा इंग्रजींत आपल्या 'छीः'सारखा धिक्काराचा उद्गार आहे) आणि आपल्या कामाच्या दोन शाखा केल्या. एक शांत, दुसरी दणदणीत. 'फायरशिप्स' ही पहिल्या शाखेची पहिली कृति. लागलीच १९९३ सालीं दुसऱ्या शाखेचा 'द नॉइज' हा संग्रह आला, आणि त्यांत ढोलाचा दणका व विजेच्या गिटारी भरपूर आहेत. म्हणजे शांतता ही येथें निरुपायानें आलेली नसून बुद्ध्या निवडलेली आहे.

आणि ही निवड सोपी नाहीं. मोठ्या आवाजाच्या आड गायकाचें पुष्कळ कांहीं झांकलें जातें. नाट्यगृह दणाणून सोडणारा नट घरच्या बैठकींत नुसत्या तंबोऱ्यावर बसला, कीं त्याचा सूर कसा आहे हें लहान मुलांनासुद्धां कळतें. तसेंच हें आहे. 'फायरशिप्स'मध्यें ड्रम्सचा आधार जवळजवळ नाहींच. स्टुअर्ट गॉर्डन यांचें व्हायोलिन, निक पॉटर यांचा खर्जांतला बास, जुन्या वाद्यवृंदांतील सोबती डेव्हिड जॅक्सन यांचीं फुंकवाद्यें, आणि या सर्वांची मांडणी करण्यांत डेव्हिड लॉर्ड या अनुभवी तंत्रज्ञाचा हात. एवढ्या मोकळ्या जागेंत प्रत्येक शब्दाचा उच्चार, प्रत्येक श्वास उघडा पडतो. हॅमिल एखादी ओळ संपवितांना स्वर सोडून देत नाहींत, तो हळूंच खालीं ठेवतात. किंकाळी कोठें आली असती तें श्रोत्यास कळतें, आणि ती आली नाहीं म्हणूनच छातींत कांहींतरी हलतें.

गीतांच्या नांवांकडेहि लक्ष द्यावें. 'कर्टन्स' म्हणजे पडदे. परंतु बोलीभाषेंत त्याचा अर्थ 'खेळ संपला' असाहि होतो. 'गिव्हन टाइम' म्हणजे मिळालेला काळ, किंवा 'काळ मिळाला तर'. 'इन्कम्प्लीट सरेंडर' म्हणजे अपुरी शरणागति! भक्तीच्या परंपरेंत वाढलेल्या आमच्या कानांस हा शब्दप्रयोग प्रथम विचित्र वाटला. संसारी मनुष्याची खरी अवस्था तीच नव्हे काय, असें मागाहून वाटलें. संग्रहाचें नांव तर सर्वांत नामी. शत्रूच्या आरमारांत सोडून द्यावयाचें पेटतें जहाज म्हणजे 'फायरशिप'. १५८८ सालीं कॅले बंदरासमोर इंग्रजांनीं अशीं आठ जहाजें स्पॅनिश आरमारावर सोडलीं आणि त्याची दाणादाण उडविली. पेटलेलें जहाज आपण होऊन कांहींच करीत नाहीं. वारा व भरती त्याला नेतील तिकडे तें जातें. शांत संग्रहाला हें नांव देणाऱ्या गृहस्थाला शांततेचा अर्थ चांगला ठाऊक होता.

दोष नाहींत असें नाहीं. त्या वर्षांतील कृत्रिम स्वरपेट्यांचा गुळगुळीत नाद आज कांहीं ठिकाणीं जुना वाटतो. एक दोन गाण्यांत तो व्हायोलिनला उगाच लपेटून टाकतो. नऊ गाण्यांचा वेगहि बहुतांशीं सारखाच, त्यामुळें एका बैठकींत सर्व ऐकणारास मधेंच पेंग येण्याचा संभव आहे. जुन्या चाहत्यांची तक्रार मात्र आम्हांस पटत नाहीं. अग्नि विझला म्हणणारांनीं २००५ साल आठवावें : डिसेंबर २००३ मध्यें हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले हेच हॅमिल त्या वर्षीं आपला जुना वाद्यवृंद घेऊन लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें पुन्हां उभे राहिले.

प्रथमच ऐकणारांनीं आरंभापासून न जातां आधीं 'कर्टन्स' लावावें, शक्यतों रात्रीं जेवणें उरकल्यावर, आणि गीतांचे शब्द हातीं घेऊन. शेवटचें 'गाइआ' दुसऱ्या दिवसासाठीं राखून ठेवावें.