सही नाही म्हणून चित्र भंगारात घालू नका

वाटण्या झाल्या किंवा जुना वाडा पाडायला काढला, की भिंतीवरचं चित्र माझ्या दुकानात येतं. कुपवाडात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. "कुणाचं आहे? किती येतील?" हे दोनच प्रश्न असतात. सही नाही म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. सागवानी फ्रेम तेवढी ठेवून घेतात, चित्र भंगारात जातं. हे थांबलं पाहिजे.

बाजारभाव लपवण्यात अर्थ नाही. अनोळखी हाताच्या निसर्गचित्राला पैसे फारसे येत नाहीत. बर्फाचा डोंगर, तळं, झोपडी, दोन हंस असली दिवाणखान्याची चित्रं एकाच नमुन्यावरून ढिगानं निघाली. कित्येकदा तर ते हातानं काढलेलं नसतंच; भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात. पण त्याच ढिगात एखादं वेगळं निघतं.

सांगलीच्या गावभागातून असंच एक तैलचित्र आलं होतं, हार्डबोर्डवरचं. कृष्णेचा घाट आणि मागं आयर्विन पुलाच्या कमानी. पूल 1929 चा, म्हणजे चित्र त्यानंतरचं, एवढं जागेवरच ठरलं. पाणी पावसाळ्यातलं, तांबूस गढूळ, आणि कमानीखाली सावली पडते तिथं तेच पाणी जांभळट झालेलं. त्या काळचे फोटो काळे-पांढरे. हा रंग नदीकाठी उभं राहिल्याशिवाय कुणाला सापडत नाही. उलटं केलं तर मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'ड्रॉइंग मास्तरांकडून, लग्नानिमित्त.' नाव नाही, पण माणूस कळला.

आपल्याकडची बरीच निनावी चित्रं अशा ड्रॉइंग मास्तरांची असणार, असं माझं मत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना पोरं बसवायची आणि सुट्टीत स्वतःसाठी रंगवायचं, असं त्यांचं आयुष्य. चित्रकार आबालाल रहिमान यांच्या पाठीशी शाहू महाराज होते, म्हणून कोल्हापूरचा रंकाळा त्यांच्या नावानिशी आपल्याला दिसतो. औंधला तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालयच उभं केलं. मास्तरांच्या पाठीशी कोणी नव्हतं. त्यांची चित्रं लग्नात भेट गेली आणि लोकांच्या माजघरात राहिली. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत त्यातली किती गेली, याचा हिशेब कुठंच नाही.

म्हणून चित्र विकायच्या आधी उलटं करा. मागचा कागद फाडू नका. दुकानाची चिठ्ठी, तारीख, नाव तिथंच सापडतं. ओल्या फडक्यानं पुसू नका आणि 'जरा रंग ताजा करून द्या' असं कुणाला सांगू नका. एकदा वरून हात फिरला की मूळचा हात गेला. खोटी सही तर कुणी मागूही नये. चित्र शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, परदेशी नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर चित्र कुणी दिलं ते आजच विचारून मागं लिहून ठेवा.

आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं वर्षातून एक दिवस एखादं सभागृह द्यावं. लोकांनी घरची चित्रं आणावीत, कला महाविद्यालयाच्या मुलांनी पुढूनमागून फोटो काढून नोंद करावी, आणि चित्रं संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी परत जावीत. फ्रेमा उघडायला आणि पुन्हा बसवायला मी येईन, मजुरी घेणार नाही.